मामांचे दीड हजार तास आणि लॉगबुकातले अकरा

सांगलीकडचा २३ वर्षांचा मुलगा एअरलाइनमध्ये वैमानिक व्हायचं म्हणून सल्ला विचारायला आला, सोबत वडील. लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, २०६ तास झालेले, सीपीएलचा (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याचा) अर्ज अजून बाकी. न्यू जर्सीच्या मामांनी फोनवर सांगितलं, "दीड हजार तासांशिवाय एअरलाइन दारात उभं करत नाही." वडील तेवढे तास उडवण्यासाठी जमिनीवर कर्ज काढायला निघालेले.

मामांचं म्हणणं अमेरिकेपुरतं खरं. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान कोसळून ५० जण गेले. पुढे २०१३ पासून तिथे फर्स्ट ऑफिसरलाही, म्हणजे उजव्या सीटवरच्या सहवैमानिकालाही, १५०० तास लागू लागले; विमानविद्येची ठराविक पदवी असेल तर १०००. (त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास दीड हजारांच्या वर होते, हे फार थोड्यांना माहीत असतं.) आपल्याकडे १५०० तास लागतात ते एटीपीएलला (एअरलाइन वैमानिकाच्या वरच्या परवान्याला), म्हणजे पुढे कॅप्टन होताना. उजव्या सीटसाठी २०० तासांचं सीपीएल, त्यावर मल्टी-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांचं विमान), इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणं बघून उडवण्याची पात्रता) आणि एअरलाइनच्या त्या ठराविक विमानाचं टाइप रेटिंग.

मग लॉगबुक उघडलं, आणि खरी अडचण तिथे निघाली. सीपीएलला पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असताना, १०० तास हवेत, याचे ९७. बाकीचे इन्स्ट्रक्टरसोबतचे. शिवाय ३०० नॉटिकल मैलांची क्रॉस कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याची फेरी, लागते; तीत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबावं लागतं. याने दुसरीकडे चाकं टेकवून लगेच पुन्हा उड्डाण केलेलं. ती फेरी धरली जात नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त मुलांना नडते: शंभरपैकी १५ तास अर्जाआधीच्या सहा महिन्यांतले लागतात. हा अर्जासाठी लागणाऱ्या रेडिओच्या (विमानातून रेडिओवर बोलण्याच्या) परीक्षेची वाट बघत बसला, सहा महिन्यांत जेमतेम ४ तास उडाला.

म्हणजे कमी पडत होते ११ तास. ती क्रॉस कंट्री सेसना १७२ वर तीन-साडेतीन तासांत होते, तीही त्यातच बसते. क्रम मात्र चुकवायचा नाही: आधी रेडिओची परीक्षा पास, मग हे तास, आणि लगेच अर्ज. आधी उडून ठेवलं तर निकालाची वाट बघताना सहा महिने पुन्हा सरतात.

वडिलांना सांगितलं, कर्ज काढू नका. असलेले पैसे टाइप रेटिंगसाठी राखा, पण तेही आत्ताच भरू नका. कुठली कंपनी रेटिंग असलेलेच मागते, कुठली स्वतः करून घेते. जाहिरात वाचल्याशिवाय कुठल्या विमानाचं करायचं हेच कळत नाही. तोवर इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि क्लास वन मेडिकल (वैमानिकाची वैद्यकीय तपासणी) यांची मुदत संपण्याच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.