वाचकांचे प्रश्न : व्हिएतनामला एवढे लोक का निघाले आहेत?

प्रश्न : आमच्या ओळखीतली तीन कुटुंबे गेल्या वर्षभरात व्हिएतनामला जाऊन आली. समुद्र, माड आणि भातशेती आपल्या दारातच असताना तिथे असे काय आहे? दिवाळीच्या सुट्टीत जावे का? शिवाय घरात सोमवार पाळला जातो, म्हणून जेवणाचीही काळजी वाटते.
– एक वाचक, डिचोली

उत्तर : १९७५ मध्ये युद्ध संपल्यावर हा देश बरीच वर्षे टंचाईत होता. १९८६ मध्ये सरकारने ‘दोई मोई’ नावाचे आर्थिक धोरण स्वीकारून बाजार खुला केला आणि हळूहळू परदेशी पाहुण्यांसाठीही दारे उघडली. २०२४ मध्ये तिथे सुमारे पावणेदोन कोटी परदेशी पर्यटक गेले. त्यांत सुमारे पाच लाख भारतीय होते. याचे श्रेय निसर्गाइतकेच कागदपत्रांच्या सोयीला द्यावे लागेल. ऑगस्ट २०२३ पासून कोणत्याही देशाच्या नागरिकाला नव्वद दिवसांचा ई-व्हिसा घरबसल्या मिळू लागला आणि एका प्रवेशासाठी त्याचे शुल्क पंचवीस डॉलर आहे. अर्जात नाव मात्र पासपोर्टवर आहे तसेच, अक्षरन् अक्षर भरावे.

हालाँगच्या उपसागरातले चुनखडीचे सुळके आणि होई आन गावातले रेशमी कंदील आपण छायाचित्रांत पाहिलेच असतील. आम्ही आपल्याला आग्रह करू तो होई आनहून तासाभराच्या अंतरावर असलेल्या चंपा या मध्य व्हिएतनाममधल्या प्राचीन हिंदू राज्याच्या देवळांचा. इंग्रजी अक्षरे पाहून आपले लोक या जागेला ‘माय सन’ म्हणतात. उच्चार ‘मी सन’च्या जवळचा आहे. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने येथे भद्रेश्वर नावाने शिवाची स्थापना केली आणि पुढे कित्येक शतके येथे देवळे उठत राहिली, संस्कृत शिलालेख कोरले गेले. लाल विटा एकमेकींना इतक्या घट्ट भिडलेल्या आहेत की सांध्यात चुना शोधूनही दिसत नाही. १९६९ च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात येथले सर्वांत मोठे देऊळ कोसळले. देवळांमधल्या गवतात बॉम्बचे खड्डे आजही आहेत. अलीकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने तिथे जीर्णोद्धाराचे काम केले आणि २०२० मध्ये त्या कामात नवव्या शतकातले अखंड दगडाचे शिवलिंग सापडले. गोव्यात पाडलेल्या देवळांच्या कथा ऐकत वाढलेल्या माणसाला ही जागा परकी वाटणार नाही.

गोव्याशी आणखी एक धागा आहे. तिथल्या पाट्या रोमन लिपीत असतात. ही लिपी पोर्तुगीज आणि इतर जेझुइट पाद्र्यांनी बसवली. त्यांपैकी अलेक्झांड्र द रोड हा पाद्री तिकडे जाण्यापूर्वी १६१९ मध्ये गोव्यात उतरला होता आणि त्याचा व्हिएतनामी शब्दकोश १६५१ मध्ये रोममध्ये छापला गेला. रोमी कोंकणी वाचणाऱ्यांना हे नवल वाटू नये.

आता जेवण. मासे खाणाऱ्या गोवेकराची तिथे चैनच आहे, पण सोमवारी सावध राहावे, कारण खारवलेल्या माशांचा ‘नुओक माम’ नावाचा रस भाजीतही पडतो. ‘कोम चाय’ अशी पाटी दिसली की निर्धास्त आत जावे. या ‘चाय’चा चहाशी संबंध नाही, तिकडे तो शब्द शाकाहाराचा आहे. चहाऐवजी कॉफीच घ्यावी, कारण ब्राझीलखालोखाल सर्वाधिक कॉफी याच देशात पिकते. पेल्यावर ठेवलेल्या छोट्या गाळणीतून ती तळच्या आटवलेल्या दुधावर थेंब थेंब पडत असते, तेव्हा घाई करू नये.

दिवाळीचा बेत मात्र जपून करावा. आपला पाऊस सरतो त्या सुमारास मध्य व्हिएतनाममध्ये तो जोर धरतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होई आनच्या गल्ल्यांत पुष्कळदा नदीचे पाणी शिरते. त्या दिवसांत उत्तरेकडचे हनोई आणि हालाँग करावे. देवळे पाहायची असतील तर मार्च-एप्रिल चांगला. २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान केव्हातरी त्यांचे नववर्ष येते. त्या आठवड्यात दुकाने बंद असतात, त्यामुळे तिकिटे काढण्यापूर्वी त्या वर्षीची तारीख पाहून घ्यावी.