दादरच्या पारशी कॉलनीला इतर पारशी ‘बागां’सारखे (म्हणजे पारशी वसाहतींसारखे) कुंपण आणि फाटक का नाही?

कारण ही वसाहत एखाद्या धर्मादाय न्यासाने स्वतःच्या आवारात बांधलेली नसून शहराच्या नियोजनातून उभी राहिली. 1896 च्या प्लेगनंतर दाटीवाटीची मुंबई मोकळी करण्यासाठी 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंगा भागात नवे रस्ते व भूखंड आखले. मंचेरजी एदलजी जोशी या पारशी अभियंत्याने मध्यमवर्गीय पारशांसाठी त्यांतील 103 भूखंड राखून घेतले. रस्ते मात्र सार्वजनिकच राहिले. कुलाब्याची खुसरो बाग किंवा भायखळ्याची रुस्तम बाग यांना फाटक आहे; इथे पाच उद्यानांत फिरायला कोणीही येते.

तरीही वस्तीवरची समाजाची छाप स्पष्ट दिसते. अथोर्नान मदरशात धर्मगुरूंचे शिक्षण चालते (‘मदरसा’ हा शब्द पारशीही वापरतात, याचे अनेकांना नवल वाटते), रुस्तम फरामना अग्यारी (पारशी अग्निमंदिर) आहे आणि बुटक्या, गच्चीदार इमारतींभोवती झाडी आहे. माझ्या मते कॉलनीची खरी ओळख ही झाडीच आहे, कारण प्रत्येक रस्त्यावर वेगळ्या जातीची झाडे लावण्याचा मंचेरजींचा आग्रह होता आणि त्या सावल्या आजही टिकून आहेत.