‘ताण सुधारणा’ नव्हे, वाण सुधारणा

प्रश्न : सूक्ष्मजीवांकडून पदार्थ बनवून घेणाऱ्या किण्वन उद्योगात त्या सूक्ष्मजीवांचे वंश सुधारतात, त्या ‘स्ट्रेन इम्प्रूव्हमेंट’ला मराठीत काय म्हणावं? एका माहितीपत्रकात ‘ताण सुधारणा’ असं छापलंय, ते बरोबर आहे का? एंझाइमलाही तोच शब्द चालेल का?

‘ताण सुधारणा’ साफ चूक. करोनाच्या काळात ‘विषाणूचा नवा ताण’ ऐकून कान किटले होते, आता तो बुरशीच्याही मागे लागलाय. भाषांतर करणाऱ्यांनी कोश उघडायला काय हरकत आहे? इंग्रजीत स्ट्रेन हे दोन निरनिराळे शब्द आहेत, उच्चार तेवढा एक. ताणाचा स्ट्रेन लॅटिन ‘स्ट्रिंगेरे’तून, म्हणजे आवळण्यातून, फ्रेंचमार्गे आला. वंशाचा स्ट्रेन जुन्या इंग्रजीतला. त्याचा मूळ अर्थ मिळकत, आणि पुढे प्रजनन.

मराठीत यासाठी ‘वाण’ आहे. परिभाषावाल्यांचा ‘प्रभेद’ मला मुळीच पटत नाही. प्रयोगशाळेत तो कुणाच्या तोंडून मी ऐकलेला नाही. ‘वाण फक्त बी-बियाण्याचा’ म्हणणाऱ्या पंडितांनी म्हण आठवावी : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. हे दोघे बैल आहेत, ज्वारी नव्हे!

या म्हणीतला वाण म्हणजे रंग, कारण शब्दच ‘वर्ण’वरून आलाय. पर्णाचं पान, कर्णाचा कान, तर वर्णाचा ‘वान’ का नाही, असा आक्षेप घेतला जातो. आहे की! ‘येड्यावानी’तला वानी त्याच घरातला, असं माझं ठाम मत आहे. आधी रंग, रंगावरून जात, जातीवरून सारखेपणा. अर्थ किती सहज सरकत गेलाय बघा.

पेनिसिलीनची कथा तर या व्युत्पत्तीसाठीच घडल्यासारखी. १९४३ साली अमेरिकेत पिओरियाच्या बाजारातल्या एका खरबुजावर पेनिसिलियम क्रायसोजेनम या बुरशीचा भरघोस पेनिसिलीन देणारा वाण सापडला. क्रायसोजेनम म्हणजे सोनं निपजवणारी. ही बुरशी पिवळं रंगद्रव्य सोडते. क्ष-किरणांच्या माऱ्यातून तिचा एक्स-१६१२ हा वाण मिळाला, मग विस्कॉन्सिन विद्यापीठात अतिनील किरणांखाली क्यू-१७६. उत्पन्न वाढत गेलं, पण पिवळेपणा काही पाठ सोडेना. औषध शुद्ध करताना तो काढत बसावं लागे. शेवटी तिथेच बॅकस आणि स्टॉफर या संशोधकांनी क्यू-१७६ पासून रंगद्रव्य न सोडणारा बीएल३-डी१० काढला. वर्ण गेला आणि नवा वाण जन्मला! ‘प्रभेद’ म्हटलं तर यातलं काय हाती लागतं?

हां, एंझाइम. त्याला वाण लावू नका. ते सजीव नाही, प्रथिन आहे; शालेय पुस्तकातला ‘विकर’ पुरेसा आहे. अमेरिकी रसायन अभियंत्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी १९९३ मध्ये सबटिलिसिन या प्रथिनं तोडणाऱ्या विकराच्या जनुकात टप्प्याटप्प्याने बदल घडवून, ६० टक्के डायमिथिलफॉर्मामाइड या सेंद्रिय द्रावकात ते मूळच्या २५६ पट क्रियाशील केलं. ही झाली विकर सुधारणा. पिओरियाच्या बुरशीची ती वाण सुधारणा. माहितीपत्रकात दोन्ही शब्द वेगळे छापायला सांगा.