लीज-ऑप्शनच्या कागदांना नोटरी: कुठल्या कागदाला आणि कशासाठी

थोडक्यात तुमचा प्रश्न: ओहायोत कोलंबसला घर दोन वर्षं भाड्याने घेताय, ठरल्या किमतीला विकत घ्यायचा ऑप्शन सोबत आहे, त्यापोटी ५,००० डॉलर आधी द्यायचेत आणि मालक म्हणतोय, "नोटरी कशाला, दोघांच्या सह्या पुरेत."

अर्धं बरोबर आहे त्याचं. तीन वर्षांपर्यंतच्या भाडेकराराला ओहायोत नोटरी लागत नाही, आणि ऑप्शनचा करार तुम्हा दोघांपुरता लेखी आणि सह्यांनिशी असला की झालं. नोटरीचा शिक्का म्हणजे कागद पक्का, हे आपल्या डोक्यात भारतातून आलेलं असतं. (तिकडे तरी कुठे खरं आहे? महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो.) इथला नोटरी ओळखपत्र बघतो आणि सही याच माणसाची, स्वखुशीने केलेली, एवढंच लिहून देतो. किंमत, मुदत, अटी यांच्याशी त्याला देणंघेणं नाही.

नोटरी लागते ती वेगळ्याच कागदाला: मेमोरँडम ऑफ ऑप्शन, म्हणजे या घरावर तुमचा ऑप्शन आहे हे जाहीर करणारा कागद. हा एक-दोन पानांचा कागद काउंटी रेकॉर्डरकडे (जमीन-घराच्या कागदांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय), तुमच्या बाबतीत फ्रँकलिन काउंटीत, नोंदवायचा. नोटरीशिवाय तो नोंदवला जात नाही. नोंद नसेल आणि उद्या मालकाने घर दुसऱ्याला विकलं किंवा त्यावर नवं कर्ज उचललं, तर तुमचा ऑप्शन कोर्टात भांडून सिद्ध करत बसा. तिथे वकिलाची फीच ५,००० च्या वर जाईल.

मेमोरँडममध्ये किंमत लिहायची गरज नाही. दोघांची नावं, ऑप्शन आहे एवढा उल्लेख, तो कधी संपतो ती तारीख आणि डीडवर (मालकी हक्काच्या खतावर) आहे तसंच जमिनीचं कायदेशीर वर्णन हवं. नुसता पत्ता चालत नाही. मालकाचं नाव डीडवर जसं आहे तसंच घाला. आपल्या लोकांची वडिलांच्या नावासह, नावाविना, नुसत्या आद्याक्षरासह अशी तीन-तीन नावं फिरत असतात, तिथे घोळ होतो. पहिल्या पानावर वरून तीन इंच जागा कोरी सोडा, नाहीतर रेकॉर्डर जादा फी लावतो. आणि मालक विवाहित असेल तर त्याच्या बायकोचीही सही नोटरीसमोर घ्या, डीडवर तिचं नाव नसलं तरी. ओहायोत डॉवरचा हक्क, म्हणजे नवरा किंवा बायकोच्या नावावरच्या घरात जोडीदाराला मिळणारा कायदेशीर हक्क, अजून आहे. तिने पुढे सही नाकारली तर तुमचं क्लोजिंग (खरेदीचा शेवटचा व्यवहार) अडेल.

नोटरीचा खर्च किरकोळ आहे. बँकेत जाणार असाल तर आधी फोन करा. बऱ्याच बँका घराच्या कागदांना हात लावत नाहीत. टायटल कंपनीत (घराची मालकी तपासून खरेदीचे कागद करणारी कंपनी) काम सरळ होतं. ओहायोत २०१९ पासून ऑनलाइन नोटरीही चालते.

आता मालक का टाळतोय? माझा अंदाज, त्याच्या डोक्यावर मॉर्गेज (घर तारण ठेवून घेतलेलं कर्ज) आहे. १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्यात तीन वर्षांपर्यंतच्या साध्या भाडेकराराला संरक्षण आहे, पण त्यात खरेदीचा ऑप्शन आला की बँक अख्खं कर्ज एकदम परत मागू शकते. मेमोरँडम नोंदवलं की हे सगळं चव्हाट्यावर येतं. दुसरी भीती रास्त आहे: तुम्ही ऑप्शन न वापरता निघून गेलात तर नोंद त्याच्या टायटलवर (मालकी हक्कावर) चिकटून राहील. त्यावर तोडगा सोपा आहे. रिलीजचा, म्हणजे ऑप्शन सोडल्याचा, कागद आत्ताच सही-नोटरी करून टायटल कंपनीकडे किंवा वकिलाकडे ठेवून द्या, मुदत संपली की ते नोंदवतील.

मॉर्गेज मात्र आधीचं असल्याने त्याचा हक्क तुमच्या मेमोरँडमच्या वरच राहणार. मालकाने हप्ते थकवले आणि फोरक्लोजर (बँकेने घर जप्त करून विकणं) झालं तर तुमची नोंद धुऊन जाते. म्हणून पैसे देण्याआधी टायटल सर्च (घरावरची मालकी आणि कर्जांची तपासणी) करून घ्या, आणि भाड्यातला हप्त्याइतका भाग थेट बँकेला जाईल असं करारात लिहून घ्या. याला तो तयार नसेल तर मी तरी हे घर सोडून देईन.

टेक्सासवाल्यांनी हे वाचून काही करू नये. तिथे २००५ पासून घरांच्या लीज-ऑप्शनवर बरेच कडक नियम आहेत, आधी तिथला वकील गाठा.