ऑर्डर, चलन, बिल यांचे लागेबांधे स्क्रीनवर कसे दाखवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंबड एमआयडीसीतल्या एका मशिनिंग युनिटसाठी तुम्ही सॉफ्टवेअर बनवताय. गिऱ्हाइकाची ऑर्डर, प्लेटिंगला (धातूचा मुलामा द्यायला) जाणाऱ्या मालासोबतची चलनं, परत आलेला माल, डिस्पॅच, बिल, रिजेक्शन, सगळं त्यात नोंदलं जातं. मालकांना ‘काय कशाला जोडलंय ते एका नजरेत’ हवं होतं, म्हणून तुम्ही गोल-रेघांचं जाळं काढलं: कागद, पार्टी, आयटम यांचे गोल आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. डेमोला सगळे खूश झाले, पण आता ते पान कोणी उघडत नाही. मग रंग बदलावेत की चित्र काढणारी लायब्ररी (तयार कोड)?

दोन्ही राहू द्या. तुमची रेघ ‘याचा त्याच्याशी संबंध आहे’ एवढंच सांगते, आणि ते स्टोअरवाल्याला आधीच ठाऊक असतं. किती नग, कोणत्या तारखेला, बाकी किती, हे त्याला हवं असतं. ही माहिती रेघेवर बसायला हवी आणि त्यासाठी आधी ती डेटाबेसमध्ये रेघेच्या नावानं असायला हवी. बहुतेक ठिकाणी ती तिथंच नसते.

एक चलन घेऊन बघू. चलन ४१२, १२ जून, बुश १,००० नग, झिंक प्लेटिंगसाठी रवाना. १८ जूनला ४०० आले, २३ ला ३५०, ३० ला २००. प्लेटरकडे १२ खराब झाले, ते त्यानं लिहून दिले. म्हणजे ९६२ चा हिशोब लागला, ३८ नग अजून त्याच्याकडे. पुढं बिल ११०७ मध्ये ६०० नग गेले: पहिल्या लॉटचे ४०० आणि दुसऱ्याचे २००. बिल १११४ मध्ये ३५०: दुसऱ्याचे उरलेले १५० आणि तिसऱ्याचे २००.

आता गिऱ्हाइकाचा फोन येतो, ११०७ मधल्या २५ नगांचं प्लेटिंग सुटतंय. क्वालिटीवाल्याला दोनच गोष्टी कळायला हव्यात. हा माल कोणत्या लॉटचा, आणि त्या लॉटचा माल आणखी कुठं गेलाय? नगांवर किंवा क्रेटवर लॉटची खूण नसेल तर पहिल्याचं खात्रीचं उत्तर मिळणार नाही. १८ तारखेचा असेल किंवा २३ चा. तेव्हा स्क्रीननं दोन्ही लॉट ‘शक्य’ म्हणून दाखवावेत, एकावर बोट ठेवू नये. दुसऱ्याचं उत्तर मात्र पक्कं आहे: २३ तारखेच्या लॉटचे १५० नग १११४ मध्ये गेलेत, त्यांना थांबवा. तुमच्या जाळ्यात बिल ११०७ पासून चलन ४१२ पर्यंत एक रेघ असेल. तिच्यावरून यातलं काहीच निघत नाही.

म्हणून जोड कागदाला कागदाची नको, ओळीला ओळीची हवी, आणि प्रत्येक जोडीवर नग आणि तारीख हवी. ‘कोणत्या प्रकारच्या कशापासून कोणत्या प्रकारच्या कशापर्यंत’ असं एकच सर्वसमावेशक जोड-टेबल करायचा मोह होतो. तुमच्याकडे कागदाचे प्रकार सहा-सातच आहेत, तेव्हा चलन-आवक, आवक-बिल, बिल-रिजेक्शन अशी वेगवेगळी टेबलं करा. तिथं फॉरेन की (दुसऱ्या टेबलातली नोंद खरंच आहे का, हे डेटाबेसनं तपासायचं बंधन) लागते, म्हणजे नसलेल्या कागदाशी जोड होऊच शकत नाही. एकच टेबल केलं तर ती राखण तुमच्या कोडवर येते आणि सहा महिन्यांत अनाथ जोडी साठतात. फिरण्यासाठी या सगळ्यांचा एक व्ह्यू (साठवलेली क्वेरी, जी टेबलासारखी वापरता येते) बांधा, म्हणजे वापरायला ते एकच टेबल झालं. कागद रद्द झाला तर जोड पुसू नका, रद्द अशी खूण करा. नाहीतर ‘काल हे बिल इथं दिसत होतं’ हा वाद दर आठवड्याला ठरलेला.

बेरजेत एक खड्डा आहे, त्यात नवखेच काय, मुरलेलेही पडतात. चलन, आवक आणि बिल ही टेबलं सरळ जॉइन केली तर वरच्या उदाहरणात चार ओळी येतात, कारण दुसरा लॉट दोन बिलांत फुटलाय. त्या ओळींवर आवकेची बेरीज मारली की ४००, ३५०, ३५०, २०० मिळून १,३०० होतात. आलेत फक्त ९५०. चलनाचे १,००० तर ४,००० दिसतील. मालकांनी हा आकडा एकदा पाहिला की त्या पानावरचा त्यांचा विश्वास कायमचा उडतो. प्रत्येक टप्प्याची बेरीज त्याच्याच टेबलावर आधी करा, मग जोडा.

साखळी मागेपुढे चालायला रिकर्सिव्ह क्वेरी (स्वतःच्याच उत्तरावरून पुढची पायरी शोधत जाणारी) लागेल. डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल असेल तर त्यात ती आहेच, मायएसक्यूएलमध्ये आवृत्ती ८.० पासून आली. खोलीची मर्यादा स्वतः घाला. सहा-सात पायऱ्यांपलीकडे तुमची साखळी जातच नाही. रिवर्कचा माल परत प्लेटरकडे जातो तेव्हा नवीन चलन निघत असेल तर गोल फिरण्याचा धोका नाही. कुणी जुनंच चलन पुन्हा उघडत असेल तर क्वेरी भोवऱ्यात सापडते. मायएसक्यूएल मूळ सेटिंगनुसार हजार फेऱ्यांनंतर ती एररसह थांबवतं. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये आवृत्ती १४ पासून यासाठी खास क्लॉज आहे, त्याआधीच्या आवृत्तीत वाटेत भेटलेल्या आयडींची यादी सोबत बाळगा. आणखी एक: पोस्टग्रेएसक्यूएल फॉरेन कीच्या कॉलमवर आपोआप इंडेक्स (नोंद पटकन शोधायची सूची) करत नाही. पुढं जाताना झटकन आणि मागं येताना रडतखडत, असं होत असेल तर आधी तिथं बघा.

तुमच्या जाळ्याचा गुंता का झाला, याचं कारण बहुधा पार्टी आणि आयटम हे दोन गोल आहेत. निम्मं काम एकाच गिऱ्हाइकाचं असेल तर त्या गिऱ्हाइकाच्या गोलातून दोन पावलांत जवळपास अख्खा डेटाबेस स्क्रीनवर येतो. ‘हे बिल आणि ते बिल एकाच पार्टीचं’ हा संबंध खरा असला तरी माग काढायला कुचकामी. नियम करून टाका: पार्टी, आयटम, मशीन, कर्मचारी यांच्यापर्यंत जायचं, त्यांच्यातून पुढं जायचं नाही. ते कागदाच्या अंगावरचे गुणधर्म आहेत, गाळणी म्हणून वापरा. एवढ्या एका बदलानंच तुमचे तीनशे गोल दहा-पंधरावर येतील.

आता स्क्रीन. हातात असलेला कागद मधे. डावीकडे ‘कुठून आलं’, उजवीकडे ‘कुठं गेलं’, दोन्हीकडे एकेकच पायरी. चलन ४१२ उघडलं की डावीकडे गिऱ्हाइकाची ऑर्डर आणि कच्च्या मालाची आवक, उजवीकडे प्लेटिंगहून आलेले तीन लॉट, त्यांच्याखाली ‘खराब १२’ आणि ठळक अक्षरांत ‘प्लेटरकडे बाकी ३८’. लॉटवर टिचकी मारली की तो लॉट मधे येतो आणि त्याची दोन बिलं उजवीकडे. वर माग दिसत राहावा: ऑर्डर, चलन, लॉट, बिल. खाद्यपदार्थांसाठी युरोपीय संघाचा २००२ चा १७८ क्रमांकाचा नियमही मालाच्या मागाबाबत एवढंच मागतो, एक पाऊल मागे आणि एक पाऊल पुढे. बुशला वेगळं काही लागत नाही.

मागं येण्याबाबत टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरकडून शिका. बॅलन्स शीटवरून ग्रुप, ग्रुपवरून लेजर, लेजरवरून व्हाउचर, प्रत्येक वेळी एंटर, आणि परतताना एस्केप. परत आल्यावर कर्सर त्याच ओळीवर असतो. तुमच्या युनिटच्या अकाउंटंटचा हात या दोन बटणांवर बसलेला आहे. ब्राउझरमध्ये मागं आल्यावर यादी पुन्हा वरून सुरू होत असेल आणि लावलेला फिल्टर पुसला जात असेल, तर तो दुसऱ्याच दिवशी एक्सेलमध्ये एक्सपोर्ट करून काम उरकेल. प्रत्येक अवस्थेला स्वतःचा पत्ता द्या, म्हणजे ती लिंक व्हॉट्सॅपवर पाठवून ‘हे बघा’ म्हणता येतं.

धंद्याचा कारभार सांभाळणाऱ्या तयार सॉफ्टवेअरमध्येही हे आहे: ईआरपीनेक्स्टमध्ये ‘कनेक्शन्स’ हा भाग आहे, ओडूमध्ये वरच्या कोपऱ्यात आकडा असलेली बटणं, सॅप बिझनेस वनमध्ये संबंधांचा नकाशा. हात घालण्याआधी तिन्ही अर्धा तास वापरून बघा. बटणांची पद्धत मला आवडते, पण नुसतं ‘आवक ३’ पुरत नाही. ‘आवक ३, ९५० नग, बाकी ३८’ असं लिहिलं तर निम्म्या वेळा टिचकी मारायची गरजच उरत नाही. आकडा १ असेल तर एका ओळीची यादी दाखवू नका, थेट तो कागद उघडा. आकडा त्या माणसाच्या परवानगीप्रमाणेच मोजा. बटणावर तीन आणि आत दोन दिसले की फोन तुम्हालाच येणार.

चित्र अजिबात नको असं नाही. मागावर कागद थोडे असतील आणि फाटे फुटलेले असतील तेव्हा ते कामाचं. पण जे हलत-डुलत स्थिरावतं, एकमेकांना ढकलणाऱ्या स्प्रिंगांसारखं, ते नको. त्यात तोच डेटा उघडताना दर वेळी वेगळ्या जागी येऊ शकतो आणि माणसाची जागेची आठवण वाया जाते. डावीकडून उजवीकडे थरांनी मांडणारी पद्धत घ्या. सुगियामा आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ती मांडली. ग्राफव्हिजचं ‘डॉट’, डाग्रे, ईएलके ही चित्र मांडणारी साधनं याच कुळातली. तुमच्या डेटाला काळाची दिशा आहे, ऑर्डर आधी आणि बिल नंतर, तेव्हा थर आयतेच मिळतात. गोल किती असावेत यावर २००४ चा घोनीम, फेकेट आणि कास्ताग्लिओला यांचा अभ्यास आहे. वीसेक गोलांपुढं बहुतेक कामांत आडव्या-उभ्या चौकटींचा तक्ता रेघांच्या चित्रापेक्षा सरस ठरला, वाट शोधण्याचं काम तेवढं चित्रात बरं झालं. वाट शोधायची असेल तर चित्र, ‘कोणत्या प्लेटरकडे कोणत्या आयटमचे किती नग अडकलेत’ असं विचारायचं असेल तर तक्ता. मालकांना बहुतेक वेळा तो तक्ताच हवा असतो, फक्त मागताना ते चित्र मागतात.

आता सगळ्यात त्रासाची गोष्ट, न झालेली जोड. गेटवर ‘प्लेटिंगहून ३५० नग आले’ एवढंच लिहिलं जातं, चलन नंबर नसतो. टॅलीत पैसे आले की बिलाच्या समोर ‘अगेन्स्ट रेफ’ (अमुक बिलापोटी) न लावता ‘ऑन अकाउंट’ (कोणत्याही बिलाला न जोडता) टाकून मोकळं होतात, तसंच हे. अशा नोंदी लपवू नका. ‘जोडणी बाकी’ अशी वेगळी यादी ठेवा आणि स्टोअरच्या पहिल्या पानावर तिचा आकडा दाखवा. जुन्या चलनापासून आपोआप वजा करत जाणारं सॉफ्टवेअर चालेल, पण ती जोड अंदाजाची आहे हे कळायला हवं: तुटक रेघ, फिकट आकडा आणि शेजारी ‘कायम करा’ बटण. अंदाजाची आणि खात्रीची जोड एकसारखी दिसली तर त्या २५ नगांच्या फोनला तुम्ही चुकीचा लॉट थांबवाल. आवक नोंदवतानाच त्या पार्टीची बाकी असलेली चलनं यादीत द्या, म्हणजे नंबर टाइप करायला नको, निवडायचा. निवड दोन सेकंदांत होत असेल तर माणसं करतात.

त्याच जोडीतून जीएसटीचं कामही निघतं. जॉबवर्कला (बाहेरून काम करून घ्यायला) पाठवलेला माल जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे एका वर्षात परत यायला हवा, भांडवली वस्तूंना तीन वर्षं. ‘बाकी ३८’ शेजारी ‘गेल्याला इतके दिवस’ लिहा आणि तीनशे दिवसांनंतर रंग बदला. रंग इथं खरोखर उपयोगी पडतो. आयटीसी-०४ या जॉबवर्कच्या जीएसटी फॉर्ममध्ये परत आलेल्या मालासमोर मूळ चलन क्रमांक आणि तूट-फूट यांचे रकाने आहेत, म्हणजे वरचे १२ नगही तिथं लागतात.

मालक हे सगळं फोनवर बघणार, तेव्हा तीन कॉलम तिथं उभे एकाखाली एक लावा: वर ‘कुठून’, मधे कागद, खाली ‘कुठं’. आणि एका लॉटची पूर्ण साखळी ए-फोरच्या एका पानावर छापणारं बटण पहिल्याच आवृत्तीत घाला. गिऱ्हाइकाचा ऑडिटर आला की क्वालिटीवाल्याला त्याच्या हातात द्यायला तेवढाच कागद लागतो.