सोडलेला मासा जगतो का? : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : खोल पाण्यात गरवताना लहान मासा लागला की आम्ही सोडून देतो. पण तो पोट वर करून तरंगत राहतो आणि तोंडातून फुग्यासारखं काहीतरी बाहेर आलेलं असतं. ते फोडावं का?

उत्तर : अजिबात नको. तो ‘फुगा’ म्हणजे माशाचं जठर. खरी गडबड झालेली असते वाताशयात, म्हणजे पाठीच्या कण्याखालच्या हवेच्या पिशवीत. समुद्रात दर १० मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो. म्हणजे ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो, आणि तिथून ओढलेल्या माशाच्या वाताशयातली हवा वर येईपर्यंत चौपट फुगू पाहते. हेकरू, तांबोशी यांच्यासारख्या माशांना ही हवा तोंडावाटे सोडता येत नाही. मग जठर बाहेर ढकललं जातं, डोळे बटबटीत होतात. असा मासा खाली जाऊच शकत नाही. उन्हात मरतो, नाहीतर पक्षी त्याला उचलतात.

त्याला पुन्हा खोलवर पोचवणं हा उपाय. साधन घरी होतं. एक मोठा गळ घेऊन त्याची आकडी, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, पकडीने दाबून पूर्ण सपाट करा. दोरी गळाच्या वाकाला बांधा आणि वजन गळाच्या नेढ्याला, म्हणजे गळ उलटा लटकेल आणि टोक खाली राहील. हे टोक माशाच्या खालच्या जबड्यात, आधीच पडलेल्या भोकातून घाला आणि सोडा. दोन किलोच्या माशाला किलोभर वजन सहसा पुरतं. उतरत नसेल तर वाढवा. ज्या खोलीवर मासा लागला होता, तिथवर गेला की दोरीला एक झटका द्या, गळ आपोआप निसटतो. दाब वाढताच हवा आक्रसते आणि जठर बहुधा जागेवर जातं. ही दोरी आधीपासून तयार हवी. मासा होडीत आल्यावर शोधाशोध केली, तर तो वेळ त्याच्या जिवावर जातो.

तरीही सगळे वाचत नाहीत. म्हणून हवे तेवढे मासे मिळाले की खोल जागा सोडून उथळ पाण्यात जावं, हे आमचं आग्रहाचं सांगणं.

प्रश्न : गळ पार घशात गेला तर कसा काढावा?

उत्तर : काढू नये. ओढाताणीत कल्ले आणि आतले अवयव फाटतात. दोरी गळाच्या जितक्या जवळ कापता येईल तितकी कापा आणि मासा सोडा. साधा पोलादी गळ गंजत जातो, पुष्कळ मासे तो टाकूनही देतात. स्टेनलेसचा गळ मात्र फार सावकाश गंजतो, म्हणून तो टाळावा.

आमिष लावून गरवायचं असेल तर सर्कल हुक वापरा. त्याचं टोक दांड्याकडे काटकोनात वळलेलं असतं, त्यामुळे तो घशातून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. घेताना सपाट फळीवर आडवा ठेवून पाहा. टोक फळीपासून वर उचललेलं दिसलं तर तो गळ बाजूला वाकवलेला आहे, आणि तसा गळ घशात रुतण्याची शक्यता जास्त. मासा लागल्यावर सवयीने हिसका देऊ नका, नाहीतर गळ तोंडातून नुसताच सुटून येतो. दोरी ताणली जाईपर्यंत संथपणे रीळ फिरवत राहायचं.

प्रश्न : मासा फडक्यात धरावा का?

उत्तर : नाही, ओल्या हाताने धरा. कोरड्या फडक्याने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जंतुसंसर्ग होतो. पोटाखाली हात द्या, कल्ल्यांत बोटं घालू नका. फोटो काढायचा असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवा.

प्रश्न : आम्ही लहान मासे सोडतो आणि मोठेच ठेवतो. हे बरोबर ना?

उत्तर : अर्धं बरोबर. मोठी मादी वजनाच्या मानाने कितीतरी जास्त अंडी घालते. अटलांटिक कॉडमध्ये ३० किलोची एक मादी २ किलोच्या २८ माद्यांपेक्षाही जास्त अंडी देते, आणि त्या २८ जणींचं एकत्र वजन ५६ किलो भरतं. शिवाय बरेच हेकरू आधी मादी असतात आणि मोठे झाल्यावर नर होतात. जिताड्याचं याच्या उलट. फक्त मोठे उचलत गेलं, तर एक लिंगच कमी पडू लागतं. कायद्याची किमान लांबी पाळाच, पण त्यावरचे मध्यम मासे ठेवा आणि फार मोठे सोडा.

प्रश्न : खडकाळ जागी दोरी सारखी अडकते, सगळंच तुटून जातं.

उत्तर : वजन मुख्य दोरीला थेट बांधू नका. मुख्य दोरी १५ किलो ताकदीची असेल, तर मधे ५ किलोच्या दोरीचा वीतभर तुकडा घाला. अडकलं की तेवढाच तुकडा तुटतो. गळ, मासा आणि लांब दोरी परत येते. वजन शिशाऐवजी पोलादी घ्या. तुटकी नायलॉन दोरी खिशात ठेवा आणि टाकण्याआधी बोटभर तुकडे करा, म्हणजे त्यात पक्ष्यांचे पाय गुंतणार नाहीत.