युनायटेडचा नकाशा: कुठल्या हबचं काम काय, आणि विमान कुठे बदलावं

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. युनायटेड या अमेरिकन विमान कंपनीच्या नकाशावर सगळ्या रेघा ठरावीक सात-आठ विमानतळांवरूनच का फुटतात? आणि फ्रँकफर्टहून अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या बॉइसीला जाताना शिकागो, डेन्व्हर, सॅन फ्रान्सिस्को असे तीन पर्याय दिसतात, त्यांतला कुठला घ्यावा? पहिलं नीट कळलं की दुसऱ्याचं उत्तर बरंचसं त्यातूनच निघतं, म्हणून थोडं मुळापासून सांगतो.

आधी साधा हिशोब. चाळीस शहरं एकमेकांना थेट जोडायची तर ७८० मार्ग लागतील. मधे एक हब, म्हणजे प्रवाशांनी विमान बदलायचा मध्यवर्ती विमानतळ, ठेवलं तर चाळीस मार्गांत काम भागतं. बॉइसीहून रोज फ्रँकफर्टला जाणारे लोक मूठभरच असणार, त्यांच्यासाठी मोठं विमान उडवणं परवडत नाही. पण डेन्व्हरला पंचवीस-तीस गावांहून थोडे थोडे प्रवासी एकाच सुमारास आणले की तेच विमान भरतं. म्हणून हबवर विमानं लाटेसारखी येतात: तासाभरात बरीच उतरतात, प्रवासी बदलतात, पुढच्या तासात बरीच सुटतात. या लाटेला तिकडे 'बँक' म्हणतात. १९७८ पर्यंत अमेरिकेत कुणी कुठे उडायचं आणि भाडं किती घ्यायचं हे सरकारी मंडळ ठरवत असे. ते नियंत्रण उठल्यावर कंपन्यांनी ही पद्धत जोरात उचलली.

पण हब याच शहरांत का, याचं उत्तर भूगोलात अर्धंच सापडतं. उरलेलं कंपनीच्या इतिहासात आहे. आजची युनायटेड म्हणजे अनेक कंपन्यांचे नकाशे एकमेकांना शिवून झालेला नकाशा आहे. शिकागो जुन्या युनायटेडचं घर. १९८६ मध्ये तिने पॅन ॲम या दुसऱ्या अमेरिकन विमान कंपनीचे पॅसिफिक मार्ग विकत घेतले. सॅन फ्रान्सिस्कोहून आशियाकडे जाणाऱ्या तिच्या जाळ्याचा पाया तिथे आहे. ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कजवळचं न्यूअर्क ही २०१० च्या विलीनीकरणात काँटिनेंटल या विमान कंपनीकडून आली. नाव युनायटेडचं राहिलं, विमानाच्या शेपटीवरचं पृथ्वीगोलाचं चिन्ह काँटिनेंटलचं. न्यूअर्क तर काँटिनेंटलचंही मूळचं नव्हे, १९८७ मध्ये पीपल एक्स्प्रेस ही विमान कंपनी तिच्यात विलीन झाली तेव्हा मिळालेलं. काँटिनेंटलबरोबर क्लीव्हलंडही आलं होतं. पण शिकागो, न्यूअर्क आणि वॉशिंग्टन डलेस इतकी जवळ असताना आणखी एका हबला काम उरलं नाही, आणि २०१४ मध्ये ते बंद झालं. दोन हब एकाच दिशेचे प्रवासी वाटून घेत असतील, तर त्यांतलं दुबळं टिकत नाही.

म्हणून नकाशा बघताना प्रत्येक हबचं काम ओळखायचं. न्यूअर्क आणि डलेस अटलांटिकपलीकडे, ह्यूस्टन मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेकडे, सॅन फ्रान्सिस्को आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडे. लॉस एंजेलिसला स्थानिक गर्दीच एवढी की तिथे सगळ्या मोठ्या कंपन्या झगडतात. पॅसिफिकमधल्या गुआम बेटाचा तर वेगळाच संसार आहे: तिथून चुक, पोनपे, कोसराय, क्वाजालीन, माजुरो असे थांबे घेत होनोलुलूला जाणारं विमान त्या बेटांची जीवनरेखा आहे. विमानप्रवासाची आवड असेल तर त्या एका मार्गाचा अभ्यास जरूर करा.

आता तुमचा प्रवास. शिकागोहून बॉइसीला विमानं आहेत, पण डेन्व्हरच्या मानाने कमी. एक चुकलं तर पुढच्यासाठी बराच वेळ अडकाल. सॅन फ्रान्सिस्कोला जाणं म्हणजे बॉइसी ओलांडून पश्चिमेला जायचं आणि मागे फिरायचं. शिवाय तिथल्या समांतर धावपट्ट्यांत अंतर जेमतेम २३० मीटर आहे. ढग खाली आले की दोन विमानं शेजारी-शेजारी उतरवणं अवघड होतं, आणि मग फटका बहुधा आधी छोट्या मार्गांना बसतो.

मी डेन्व्हर घेईन. १९९५ मध्ये उघडलेला हा विमानतळ सुमारे १३६ चौरस किलोमीटरवर पसरला आहे, सहा धावपट्ट्या एकमेकींपासून ऐसपैस. पर्वतीय राज्यांतल्या लहान शहरांना जोडणं हेच या हबचं मुख्य काम, त्यामुळे बॉइसीची विमानं दिवसभरात अनेक. हिवाळ्यात बर्फ आणि उन्हाळ्यात दुपारची वादळं तिथेही असतात. म्हणून उन्हाळ्यात जात असाल तर पुढचं विमान संध्याकाळचं शेवटचं नसेल असं बघा.

जोडणीचा वेळ मात्र साइट दाखवते तेवढा कमी ठेवू नका. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथे इमिग्रेशन, मग सर्वसाधारणपणे सामान उचलून पुन्हा सोपवणं, मग पुन्हा सिक्युरिटी, आणि डेन्व्हरला त्यानंतर भुयारी ट्रेनने काँकोर्स, म्हणजे विमानाच्या दारांची इमारत, गाठणं, एवढं सगळं असतं. मी अडीच ते तीन तास धरतो. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू द्या. मग आधीच्या विमानाच्या उशिरामुळे पुढचं चुकलं तर दुसऱ्या विमानात बसवणं कंपनीचं काम.

आणखी एक. तिकिटावर युनायटेडचा क्रमांक असला तरी 'ऑपरेटेड बाय' ही ओळ वाचा. अटलांटिकवर युनायटेड आणि लुफ्तान्सा भागीदारीत उडतात, त्यामुळे पहिलं विमान लुफ्तान्साचं असू शकतं आणि बॅगेचे, आसनाचे नियम बदलू शकतात. डेन्व्हर-बॉइसी कदाचित युनायटेड एक्स्प्रेसच्या नावाने स्कायवेस्टसारखी कंपनी उडवेल. वैमानिकांशी झालेल्या करारामुळे अशा विमानांत ७६ पेक्षा जास्त आसनं नसतात. त्यांतल्या लहान विमानांत चाकांची केबिन बॅग वरच्या कप्प्यात मावत नाही आणि दारातच काढून घेतात. औषधं आणि कागदपत्रं वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा.

तुमच्या तारखा आणि दिसणाऱ्या वेळा इथे टाका, नेमकी जोडणी बघून सांगतो.